मुठीचं माप

शिरवळ, ता. ९ नोव्हेंबर १९४६

चि. अंबूस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मनातून येत नाही.

तुझं पुस्तक काल टपालानं आलं. पाकिटावर नाव आईचं. आईला अक्षरओळख नाही, पाकीट फोडणार मी, वाचणार मी, हे तुला चांगलं ठाऊक आहे. तरी कोपऱ्यात कुठं ‘राहीअक्का’ एवढं लिहायला तुझी शाई संपली. गेली सात वर्षं या घरातून तुला गेलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं आहे. आई सांगायची, मी लिहायचे. आज पहिल्यांदा माझ्या नावानं लिहिते आहे, कारण आता गप्प बसवत नाही.

एकशे चौदा पदार्थ, आणि सगळे आमच्या चुलीवरचे! दोडक्याच्या शिरांची चटणी छापलीस. हुलग्याचं माडगं छापलंस. जोंधळ्याच्या कण्या छापल्यास. उद्या पुण्याच्या बायका म्हणतील, शिरवळकडच्या बायका शिरासुद्धा टाकून देत नाहीत. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं होतं? नवऱ्याचा छापखाना आहे म्हणून काय वाटेल ते छापायचं?

आणि पहिल्या पानावर काय लिहिलंस: ‘हे सगळे पदार्थ माझ्या आईनं मला पत्रांतून शिकवले. पीठ-डाळ शेरानं घ्यावी, पण मीठ, तिखट, गूळ आईच्या मुठीनं. माझी मूठ आईसारखीच आहे, म्हणून तेच माप ठेवलं आहे. आई, तू शंभर वर्षं जग.’

हे वाचून माझं डोकं फिरलं. कुणाच्या आयुष्याचं असं छापून काढतात का?

तू बिराप्पाशी लग्न केलंस तेव्हा नाथाजीदादानं इस्लामपुरात तुझ्या नावानं आंघोळ केली. मराठ्याची मुलगी धनगराच्या घरात गेली, आता ती आम्हाला मेली, असं चार लोकांत म्हणाला. आई त्याच्याशी भांडून माझ्याकडं निघून आली. तेव्हापासून तिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं कुणी बघितलं? तू पत्रं पाठवायचीस. ‘आई, चकोल्या कशा करू? आई, घुटं आळत नाही, काय करू?’ मी चुलीपुढं बसून, दौतीत राख पडू नये म्हणून वर पदर धरून, उत्तरं लिहायचे. आणि तुझ्या पत्राच्या शेवटी माझ्या वाटणीला काय? ‘अक्कास नमस्कार.’ दोन शब्द.

आई बरी आहे. पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. काही बोलली नाही.

राही


शिरवळ, ता. २८ नोव्हेंबर १९४६

चि. अंबूस,

तुझं पत्र पोचलं. मी एवढं तोंड सोडलं, त्याला तू एका ओळीत उत्तर दिलंस, ‘अक्का, तू रागावलीस हे कळलं.’ कळलं ना? उपकार झाले.

बाकी तीन पानं पुस्तकाची. मिरजेच्या बाईंचं पत्र आलं, कऱ्हाडच्या मास्तरणीचं आलं. सहासष्टाव्या पदार्थापर्यंत सगळं छान होतं आणि सदुसष्टपासून पुढं जे करावं ते खारट नाही तर तिखट. एरवी तू चवीनं घालतेस, या वेळी पुस्तकातल्या मापानं करून बघितलंस, तुझ्याही हातून तसंच झालं. आणि मग तू लिहितेस, ‘आईची मूठ बारीक झाली आहे का? पूर्वी एका मुठीत भागायचं तिथं ती आता दोन सांगते. ती वाळली आहे का? आजारी आहे का? माझ्यापासून लपवू नकोस.’

कसला संशय हा! पुस्तक तू छापलंस, चूक तुझी, आणि संशय माझ्यावर.

फेब्रुवारीत दुसऱ्यांदा छापणार, कागदाचं परमिट मिळालं, तेव्हा सदुसष्टपासून पुढं मीठ-तिखट निम्मं करून टाकते, असं म्हणतेस. खबरदार हात लावलास तर. निम्मं कशाचं करतेस? तू होतीस का इथं चुलीपाशी? मी एक नंबरपासून एकशे चौदापर्यंत सगळे करून बघते. एकही सोडणार नाही. मग सांगते चूक कुणाची ते.

परवापासून सुरुवात केली आहे. रोज तीन, कधी चार. साखर कंट्रोलची, ती मिळते तेवढी गोडाला पुरत नाही, म्हणून तिथं गूळ घालते. मी एकटी किती खाणार? शेजारच्या दगडाबाईच्या घरात चार माणसं आहेत, डबा तिकडं जातो. पहिल्या दिवशी घुटं दिलं. संध्याकाळी भांडं परत करायला आली आणि म्हणाली, “राहीबाई, रागावू नगा, पर ह्यात मीठ घालायचं इसरलासा का?”

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय तेवढं घातलंय.

“पुस्तक सपक हाय मग,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भरली वांगी, सपक. तिसऱ्या दिवशी पातवड्यांची आमटी, सपक. तुझ्या मिरजेच्या बाईला जे छान लागतं ते माझ्या हातून बिघडतं. तीस वर्षं चूल फुंकतेय मी. आता पुस्तकात बघून स्वयंपाक करायला बसले आणि नव्या सुनेसारखी बोलणी खाते.

लग्नाआधी तू मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेलीस. मला चौथीतून काढलं, कारण तुला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

आईची प्रकृती ठीक आहे. विचारत जाऊ नकोस सारखं.

राही


शिरवळ, ता. २९ डिसेंबर १९४६

चि. अंबूस,

आज सकाळी एकशे दहावा पदार्थ झाला. चार राहिलेत. मटणाचे तीनही केले. मी खात नाही तरी केले आणि दगडाबाईकडं पाठवले. तिच्या घरचे आता माझ्या दाराकडं डोळे लावून बसतात.

ऐक. पहिले सहासष्ट माझ्या हातून सगळे सपक झाले. करंज्या अळणी, गुळवणी पाणी. सहासष्टावे शेंगोळे तर दगडाबाईच्या म्हशीनंही तोंड लावून सोडले. मला इतका राग आला की पुस्तक चुलीत घालणार होते. मग सदुसष्टावा केला, रताळ्याची शेंगोळी. माझ्याच मुठीनं, पुस्तकात लिहिलंय तेवढंच तिखट. जिथल्या तिथं झाली. अडुसष्टावं हरभऱ्याच्या पाल्याचं घुटं, तेही बरोबर. उसाच्या रसातल्या चकोल्या खाऊन दगडाबाईची सून म्हणाली, “आत्याबाय, हे तुमचंच जेवान. मागलं कुनाचं हुतं?”

माझा हात आईपेक्षा बारका आहे. लहानपणी बांगड्या भरणारा कासार माझ्या हातात तुझ्या मापाच्या बांगड्या घालायचा, आणि तू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आईची एक मूठ म्हणजे माझी दीड. आई असताना ती मीठ टाकायची आणि मी ढवळायची. तिच्या पदार्थांत मीठ टाकायची पाळी माझ्यावर कधी आलीच नव्हती.

तेव्हा सदुसष्टच्या पुढचं काही बदलू नकोस. ते बरोबर आहे. फक्त खाली लिही की इथं मूठ बारीक घ्यावी. कारण विचारू नकोस.

तू लिहितेस, पत्रातून काही उलगडत नाही, संक्रांतीला स्वतःच येते, तराजू घेऊन येते आणि आईची मूठ तोलून बघते. छापखान्याला सुट्टी आहे, बिराप्पाही येतो. येऊ नकोस. लालासाहेब, माझे धाकटे दीर, भिंतीपलीकडंच राहतात. हे लढाईत गेल्यापासून घरावर त्यांचा शब्द चालतो. बेचाळीस साली तू आली होतीस तेव्हा काय झालं ते विसरलीस का? ओट्यावरून परत गेलीस. पुन्हा तसंच होईल. तुला अपमान करून घ्यायची हौस असेल, मला बघायची नाही.

आईला थंडी सोसत नाही. ती लवकर निजते. तू येऊन काही उपयोग नाही.

येऊ नकोस, अंबू. हे मी चिडून लिहीत नाही.

राही


शिरवळ, ता. ७ जानेवारी १९४७

अंबू,

कार्डाचा कोपरा फाडलेला बघितलास ना? मग पुढं वाचू नकोस. आधी उंबऱ्याबाहेर जा. बाहेर उभी राहून वाच, वाचून झालं की तिथंच फाड, घरात नेऊ नकोस. डोक्यावरून पाणी घे.

आई गेली. आता नाही. दोन वर्षं होतील येत्या माघात. आठ दिवस ताप होता, नवव्या दिवशी सकाळी गेली. या कार्डावर एवढंच लिहिते. बाकीचं सोबतच्या पाकिटात आहे, ते अंघोळ झाल्यावर उघड.

राही


(पाकिटातलं)

अंबू,

नाथाजीदादा आला, त्यानं सगळं केलं. तुला कळवायचं नाही असं तो म्हणाला आणि लालासाहेबही म्हणाले. त्यांच्यावर ढकलून मोकळी होता आलं असतं. होत नाही. टपाल माझ्या हातात होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेतलं होतं. कोपरा फाडलाही होता. तेवढ्यात तुझं पत्र आलं, ‘आई, थंडीत काहीतरी गरम सांग, रताळी स्वस्त झाली आहेत.’ आणि शेवटी ‘अक्कास नमस्कार’. मी ते पत्र हातात धरून बसले आणि मला समजलं, आज कळवलं की या घरात तुझं पत्र यायचं बंद होईल. आईला यायची पत्रं, आई नाही तर कुणाला येतील? मला? सात वर्षांत मला तू काय विचारलंस? अक्का, तू जेवलीस का, एवढंसुद्धा नाही. हे गेल्याची तार आली तेव्हाही तू आईला लिहिलंस, ‘अक्काला धीर दे’. मला लिहिलं नाहीस.

म्हणून रताळ्याची शेंगोळी लिहून पाठवली. आईनं आयुष्यात कधी केली नव्हती. मी त्या दुपारी पीठ मळून, तळून, चव बघून लिहिली. ‘आई म्हणते’ असं वर घातलं. तोच तुझा सदुसष्टावा नंबर. तिथून पुढं अठ्ठेचाळीस पदार्थ माझे आहेत. काही सासूबाईंकडचे, बाकीचे मी चुलीपाशी बसून काढलेले. तुझी पत्रं यायची, ‘आई, या वेळचं फारच झकास झालं’, ‘आई, तू असलं पूर्वी का नाही शिकवलंस?’ मी ते पुन्हा पुन्हा वाचायचे. शरम वाटायची आणि बरंही वाटायचं. आता बोल काय बोलायचं ते.

टपालवाल्यांचा संप झाला तेव्हा महिनाभर तुझं काही आलं नाही. मी रोज दाराशी जाऊन उभी राहायचे. लालासाहेबांची बायको विचारायची, कुणाची वाट बघताय? काय सांगणार होते तिला?

आणखी एक आहे. तेही आत्ताच लिहून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. आई असताना प्रत्येक पत्राच्या शेवटी ती सांगायची, “पोरीला लिव, एकडाव येऊन जा म्हनावं.” मी ते लिहायची नाही. लालासाहेबांनी सांगितलं होतं की ती या घरात आली तर तुम्ही मायलेकी दुसरं घर बघा. हे खरं आहे. पण हेही खरं आहे की ते बोलले नसते तरी मी लिहिलं नसतं. आई दिवसभर माझ्या हातचं खायची आणि बोलायची तुझं. अंबीला हे आवडायचं, अंबीला ते आवडायचं. बेचाळीस साली तू ओट्यावर उभी होतीस तेव्हा आई परसात भांडी घासत होती. तू आलेली तिला मी सांगितलंच नाही.

मी तुझ्यावर एवढी चिडले ती कशामुळं, ते तुला आता कळेल. तू छापलंस, ‘आई, तू शंभर वर्षं जग.’ गावात कुणीही पुस्तक उघडलं तर हसेल. पण गावाचं काय घेऊन बसले! ती ओळ मी वाचली आणि मला वाटलं, तू मला चोरी करताना पकडलंस.

पुस्तकाचं तुझं तू बघ. पहिले सहासष्ट आईचे, त्यावर आईचंच नाव राहू दे. पुढच्यांवर तिचं नाव छापू नकोस. तिनं न केलेलं तिच्या नावावर जायला नको. माझं नाव घाल म्हणत नाही. कुणाचंच घातलं नाहीस तरी चालेल.

राहिलेले चार पदार्थ काल केले. एकशे चौदा पुरे झाले.

राही


शिरवळ, ता. २६ जानेवारी १९४७

अंबू,

संक्रांत गेली. तू आली नाहीस, पत्र नाही. अठरा दिवसांनी काल कार्ड आलं. त्यावर पहिल्यांदाच माझं नाव. ‘श्रीमती राहीबाई’. अक्कासुद्धा नाही.

तुझ्या ओळी चार. मी चोर आहे, बरोबर. माझं तोंड बघायचं नाही, तेही समजलं. आई गेलेली असताना तू दोन दिवाळ्या नवं लुगडं नेसून गोडधोड केलंस, तेही पाप माझ्या माथ्यावर. कबूल. भांडणार नाही. भांडायला यायचं असेल तर समोर ये, म्हणजे मीही चार शब्द बोलेन. कार्डावर शिव्या द्यायला टपालवाला आपला कोण लागतो?

चौथ्या ओळीत तू विचारलंस, शेवटी आई काय म्हणाली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नाथाजीदादाला नाही, दगडाबाईला नाही. तुला तर कधीच सांगणार नव्हते.

शेवटचे तीन दिवस तिला नीट दिसत नव्हतं. ताप उतरायचा आणि ती हाक मारायची, अंबू. मी पाणी पाजायची, पाय चेपायची, अंथरूण बदलायची, आणि ती म्हणायची, “अंबू, तू कवा आलीस?” पहिल्या दिवशी मी सांगितलं, आई, मी राही. ती म्हणाली, “राही हितंच असती. अंबू कुठाय?” राही इथंच असते. ती आल्यापासून मी रोज इथंच होते म्हणून माझ्याकडं बघायचं कारण नव्हतं. मला असा संताप आला की मी भांडं आपटून बाहेर गेले. मरणाच्या दारातल्या माणसावर. लिहिते आहे, कारण तू विचारलंस.

दुसऱ्या दिवसापासून मी ओ द्यायला लागले. ती अंबू म्हणायची, मी ओ म्हणायची.

नवव्या दिवशी पहाट झाली होती, नदीवर बायकांचं येणंजाणं सुरू झालं होतं. तिनं माझा हात धरला आणि अगदी शुद्धीत असल्यासारखी बोलली. शब्द न् शब्द लिहिते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

“अंबू, तुझी अक्का लय तापट हाय. पर तिच्याकडं बघायला कुनी न्हाई गं. न्हवरा गेला, पोर न्हाई. दीर काय, आज हाय उद्या न्हाई. मी गेल्यावर ती चुलीपुढं बसंल आन् जेवायलाच घ्यायची न्हाई, मला ठाव हाय. तू तिला सोडू नगंस. ती ये म्हनायची न्हाई. तरी तू येत जा. येशील न्हवं?”

मी तुझ्या नावानं म्हटलं, “व्हय आई, येईन.”

त्यावर तिनं डोळे मिटले.

दोन वर्षं मी याच गोष्टीवर चिडून आहे. माझ्या काळजीचं बोलायचं होतं तर माझ्याशी बोलायचं होतं. मी समोर होते. माझा हात तिच्या हातात होता. आणि जायच्या वेळेला मला सांभाळायला तिनं सांगितलं ते तुला.

निरोप तुझा होता, पोचवला. वचन तू दिलेलं नाहीस, मी तुझ्या नावानं खोटं दिलं, तेव्हा मोडलंस तरी मी तुला बोल लावणार नाही. मी ये म्हणत नाही, अंबू. आई म्हणाली होती.

राही